जॅग्वार ई-टाइप, १:२४ : पेटीत काही महिने काढल्यानंतर

जॅग्वार ई-टाइप या गाडीचं, खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं मॉडेल प्लास्टिकचे सुटे भाग जोडून पूर्ण झालं तेव्हा या किटबद्दल भरभरून चांगलं लिहायचं ठरवलं होतं. मग धूळ झटकायला गाडी काचेच्या पेटीतून बाहेर काढली, मागचा टायर बोटाने जरा फिरवून पाहिला, तर तो जागचा हलेना. रिमला चिकटला होता. पात्याच्या टोकाने हळूहळू सोडवला, तर रिमची कड मऊ पडून टायरबरोबरच उचलली गेली आणि दोन-तीन स्पोक मुळापासून सुटले. बाकीच्या तिन्ही चाकांची तीच गत. त्यामुळे आता जे लिहितोय त्यात चांगलंही आहे, पण चाकांबद्दल जास्त आहे.

किटमधले टायर मऊ पीव्हीसीचे आहेत. पीव्हीसी मुळात कडक असतं. तेलकट प्लास्टिसायझर मिसळून ते मऊ करतात, आणि हा प्लास्टिसायझर त्यात पक्का बांधलेला नसतो. महिनोन्‌महिने तो थोडा थोडा बाहेर झिरपतो, शेजारी पॉलिस्टायरीन (किटचे बाकीचे भाग ज्याचे असतात ते प्लास्टिक) असलं की त्यात शिरतो आणि त्याला चिकट करून टाकतो. मॉडेल करणाऱ्यांना हे नवीन नाही. कधीच न जोडलेल्या जुन्या किटच्या खोक्यातसुद्धा टायरखाली राहिलेली काच किंवा बॉडीचा पत्रा खड्डा पडलेला सापडतो. म्हणूनच संताप होतो. इतका जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला दोष, आणि इतक्या जाड सूचनापुस्तिकेत त्यावर एक ओळ नाही.

कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागाला फोटो पाठवले. उत्तर आलं की तुम्ही चाकांचं क्रोम काढलंत, त्यामुळे संरक्षक थर गेला, आम्ही जबाबदार नाही. क्रोम मी काढलं होतं, हे खरं. पण डिकीच्या फळीखालचं स्टेपनीचं चाक मी जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण ते दिसतच नाही. ते उघडून पाहिलं तर तिथेही तोच प्रकार. क्रोम टायरला उतरलेलं, खालचं प्लास्टिक नखाने दबणारं. तो फोटो पाठवल्यावर बराच काळ शांतता. मग एक स्प्रू (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांच्या चौकटीला जोडलेले येतात ती) आला, तो डावीकडच्या स्टिअरिंगच्या डॅशबोर्डचा. पुन्हा लिहावं लागलं, पुन्हा खोक्यावरचा क्रमांक, पुन्हा खरेदीची पावती. शेवटी चाकांचा स्प्रू मिळाला, पैसे मागितले नाहीत. टायर मात्र तेच पीव्हीसीचे, आणि सोबत सूचना कसलीच नाही.

चाकांसाठी एवढी डोकेफोड का, असं कुणी विचारेल. माल्कम सेयरने काढलेल्या या गाडीच्या अंगावर नक्षीकाम जवळजवळ नाहीच. तो विमानांच्या वायुगतिकीतून आलेला माणूस, हवा कशी वाहते याच्या गणितातून त्याने आकार काढला. लांबलचक नाक, गुळगुळीत कुशी, मागे निमुळती शेपटी. एवढ्या मोकळ्या पत्र्यावर नजर अडते ती फक्त चाकांवर. पहिल्या मालिकेच्या ई-टाइपला ७२ स्पोकची तारांची चाकं आणि मधोमध दोन कानांचा नट. मॉडेलवर हे चाक फसलं की बाकी सगळं कितीही नेटकं असो, ती खेळण्यातली गाडी दिसते.

आणि किटचं चाक फसलेलंच आहे. स्पोक ७२ नाहीत, ४८ आहेत. कॅलिपर लावला तर जाडी ०.४५ मिलिमीटर. ती २४ ने गुणा, म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ ११ मिलिमीटरची सळी झाली. खरा स्पोक त्याच्या निम्म्याहूनही बारीक असतो. त्यावर क्रोमचा जाड मुलामा, त्यामुळे स्पोकांमधल्या फटी आणखी बुजलेल्या.

सुरुवातीला मला वाटलं होतं की फोटो-एचचे (रसायनाने पातळ पत्र्यातून कोरलेले) धातूचे स्पोक घेतले की प्रश्न मिटला. घेतले. किटच्या निम्म्याहून जास्त पैसे त्यातच गेले, आणि समोरून पाहिल्यावर खरंच सुंदर दिसले. पण पत्र्यातून कोरलेला स्पोक चपटा असतो. गाडी जरा तिरकी धरली की प्रकाश त्याच्या सपाट अंगावर पडतो आणि सगळं चाक चाळणीसारखं दिसतं. गोल तारेवर बारीक चमकती रेघ उठते, ती इथे उठत नाही. शिवाय ई-टाइपचे स्पोक एका पातळीत नाहीतच. काही हबच्या बाहेरच्या कडेपासून निघतात, काही आतल्या, आणि एकमेकांना छेदत रिमला जातात. खोली हेच त्या चाकाचं सौंदर्य.

मग किटच्याच चाकांकडे परत आलो आणि माझं मत बदललं. ब्लीचमध्ये बुडवून क्रोम उतरवलं (खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून). त्याखालचा लॅकरचा थर वेगळा काढावा लागतो, तो ब्लीचने जात नाही. मग आधी चकचकीत काळा रंग, त्यावर बारीक कणांचा धातूचा रंग, आणि फटींत पातळ काळं वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग). हाताच्या अंतरावरून चाक एकदम पटण्यासारखं दिसायला लागलं. फुकटात. त्या दिवशी मी फोटो-एचची शिफारस कुणालाच करायची नाही असं ठरवलं होतं, आणि ते मत अजून कायम आहे. फक्त तीच चाकं टायरने खाल्ली.

आता बाकीचं, कारण बाकीचं खरंच चांगलं आहे. इंजिन अप्रतिम. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं जॅग्वारचं एक्सके इंजिन, दोन कॅमकव्हर (माथ्यावरची लांब झाकणं), एका बाजूला ओळीने तीन एसयू कार्बुरेटर, सगळं नीट वेगळं दिलंय. कॅमकव्हर चकचकीत काळ्यावर ॲल्युमिनियम रंग मारून मऊ कापडाने घासा, झळाळी येते. स्पार्क प्लगच्या वायरी तेवढ्या स्वतः ओढाव्या लागतात. पण बॉनेट बंद असलं की यातलं काहीच दिसत नाही, आणि ही गाडी बॉनेट बंद असतानाच सुंदर दिसते. साच्यावरचा खर्च इंजिनावर उधळून चाकांवर हात आखडता घेतला, हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

बॉनेट हे दुसरं दुखणं, पण इलाज असलेलं. खऱ्या गाडीत मधला भाग मोनोकॉक (वेगळी चासी नसलेला, पत्र्याचाच सांगाडा) असतो आणि पुढची चौकोनी नळ्यांची चौकट फायरवॉलला (इंजिन आणि आसनांमधल्या भिंतीला) बोल्टने जोडलेली असते. किटमध्येही तसंच आहे. त्यामुळे मुळाशी केसभर तिरपं बसलं की नाकाशी त्याची मोठी फट होते. चौकट चिकटवताना बॉनेट वर बसवूनच ठेवा आणि सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) वाळेपर्यंत हलवू नका. त्यानंतर कानशीला हातसुद्धा लावावा लागला नाही.

रंग मी ऑपलेसंट गनमेटल ग्रे निवडला, १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला दाखवलेल्या ‘९६०० एचपी’ क्रमांकाच्या कूपेचा. मेटॅलिक रंगात एक पथ्य पाळा. गाड्यांना मारायचा खरा रंग वापरू नका, त्यातला चमकीचा कण मॉडेलवर २४ पट मोठा दिसतो आणि पृष्ठभाग वाळू टाकल्यासारखा होतो. मॉडेलसाठीचे बारीक कणांचे लॅकर घ्या. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरून असायची, किल्लीने उघडणारी. किटमध्ये ती नाहीत, दोन्ही कुशींवर बारीक भोक पाडून छोटी चकती बसवली. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) इतक्या महिन्यांनंतरही पिवळा पडलेला नाही. खिडक्यांच्या कडांना लावलेलं बेअर-मेटल फॉइल (चिकटवायचा अगदी पातळ धातूचा पापुद्रा) पहिल्या दिवसासारखं आहे. बंपरवर क्रोमचं पेन वापरलं होतं, ते जिथे बोट लागलं तिथे राखाडी झालं. हेडलाइटच्या काचा पांढऱ्या गोंदाने बसवल्या, सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

नवीन स्प्रू आल्यावर तीच चाकं पुन्हा लावायचा धीर झाला नाही. रिम तेवढ्या किटच्या ठेवल्या, आतले स्पोक कापून टाकले. उरलेला स्प्रू मेणबत्तीवर धरून मऊ झाला की बाहेर काढून ओढायचा, ०.२ मिलिमीटरचा गोल धागा निघतो. चार चाकांचे २८८ स्पोक त्यातून झाले, खर्च शून्य. एवढ्याशा हबला ७२ भोकं पाडणं शक्य नाही, म्हणून हब पातळ चकत्यांचा केला. एक चकती, त्यावर स्पोकांचा एक थर, त्यावर दुसरी चकती, पुढचा थर उलट्या तिरपेचा. पातळ सिमेंट इथे चालत नाही, धागा जागच्या जागी विरघळतो. सुईच्या टोकावर सुपरग्लूचा ठिपका घ्यायचा आणि फक्त टेकवायचा. काम किचकट आहे, डोळे दुखतात, पण आता तिरक्या प्रकाशात प्रत्येक तारेवर ती बारीक रेघ उठते आणि मागचा थर पुढच्या थरातून दिसतो. माझ्या मते हे मॉडेल त्या दिवशी पूर्ण झालं.

टायर नाइलाजाने तेच आहेत. रिमवर जिथे जिथे टायर टेकतो तिथे फॉइलची पट्टी घट्ट दाबून बसवली आहे, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीनचा संबंधच येत नाही. गाडी पेटीच्या तळावर उभी असते तिथेही टायरखाली फॉइलचे तुकडे आहेत, कारण रंगवलेला तळसुद्धा तसाच खराब होतो.

किट घ्यावं का? इंजिन आणि बॉडीसाठी, हो. चाकांसाठी वेगळे पैसे खर्च करू नका, वेळ खर्च करा. आणि ज्यांनी हे किट आधीच करून ठेवलंय त्यांनी आजच टायर सोडवून पाहा, डिकीतल्या स्टेपनीसकट. कंपनीशी भांडायची वेळ आलीच तर पुरावा तिथेच मिळेल.