हँडब्रेकची केबल सैल झालीय: नट आवळायचा, ड्रम खोलायचा की केबलच नवीन टाकायची?

जुन्या पिकअपचा हँडब्रेक दहा-बारा खटके वर ओढला तरी गाडी उतारावर सरकत असेल तर बहुतेक जण एकच करतात, गाडीखाली शिरतात नि केबलचा नट आवळून मोकळे होतात. पार्टचा खर्च शून्य, थोड्या वेळाचं काम, आणि कधीकधी तेवढ्यावर भागतं पण. पण केबल सैल लागतेय म्हणजे केबलच ढिली झालीय असं नसतं, हे आधी डोक्यात घ्या, पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरणार आहे.

बऱ्याच जुन्या पिकअपना मागे ड्रम असतात आणि हँडब्रेक त्याच ड्रममधले शू, म्हणजे ड्रमला आतून टेकून चाक धरणारे अर्धगोल तुकडे, केबलने ओढून फाकवतो. लायनर, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, झिजले की शू आणि ड्रममधली गॅप वाढते, ती भरून काढायला आत ॲडजस्टर असतो, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर नेमका तोच गंजून बसतो. मिरकरवाड्याला नाहीतर हर्णैला मासळी भरणारी गाडी खाली वाकून बघा, हौद्यातून बर्फाचं नि मासळीचं खारट पाणी गळून मागच्या ॲक्सलवर उतरलेलं असतं, वरून खारी हवा आहेच. ॲडजस्टर फिरायचा थांबला की शू लांब राहतात आणि लिव्हर दिवसेंदिवस वर येत जातो. केबलचा यात काही दोष नाही.

आता अशा गाडीचा नुसता नट आवळला तर लिव्हर लगेच टाइट लागतो, बरं वाटतं, पण ब्रेक सोडल्यावरही केबल ताणलेलीच राहते, शूवरचा छोटा लिव्हर पूर्ण मागे येत नाही, मग ॲडजस्टरला काम करायला जागाच उरत नाही. त्यात जरा जास्तच आवळला गेला तर लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, आणि कोल्हापूरहून माल भरून आंबा घाट उतरताना ड्रम आधीच तापलेला असेल तर पायाचा ब्रेक पण हवा तसा लागत नाही. हे मला खरंच धोक्याचं वाटतं. त्यामुळे नट आवळायचा तो फक्त लायनर चांगले आहेत, ड्रम हल्लीच उघडून सेट केलाय आणि केबल दोन्ही बाजूंनी मोकळी सरकतेय तेव्हाच.

बाकी सगळ्यांनी आधी ड्रम खोला. मेस्त्रीची मजुरी जाईल, अर्धा दिवस गाडी उभी राहील, पण खरं काय ते तिथेच दिसतं. लायनर किती उरलेत, पायाच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर पाझरतोय का, ॲक्सलचा ऑइल सील गळून लायनरला ऑइल लागलंय का. ऑइल लागलेल्या लायनरवर हँडब्रेक धरतच नाही, नट कितीही आवळा. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागे नुसता जॅक नको, घोडी (स्टँड) लावा. आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. क्रम पण महत्त्वाचा, केबल पूर्ण ढिली करायची, ॲडजस्टर साफ करून शू ड्रमला जेमतेम टेकतील एवढे आणायचे, ड्रम चढवून पायाचा ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा आणि शेवटी केबलचा नट. बऱ्याच गाड्यांत ५ ते ७ खटक्यांत ब्रेक धरायला हवा, तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघून घ्या. लिव्हर खाली टाकल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

नवीन केबल सगळ्यात महाग, पण काही गाड्यांना दुसरा इलाज नाही. केबलच्या टोकाचं रबर बूट जरा मागे सरकवा. तांबडी भुकटी सांडली, आवरण फुगलेलं दिसलं किंवा तारेचे एक-दोन पदर तुटून बाहेर आले असतील तर नट आवळून नि तेल सोडून वेळ काढू नका. तेलाने जाम केबल थोडे दिवस सरकते, परत अडकते, आणि अडकली की ब्रेक लागलेलाच राहतो. तुटलेली तार क्लॅम्प मारून जोडून देणारे आहेत, भरलेल्या गाडीला तो जोड अजिबात नको. डावी-उजवी वेगळी असेल तर दोन्ही एकदम बदला, एक नवी एक जुनी ठेवली की ओढ सारखी बसत नाही. दुकानात जुनी केबल घेऊन जा, लांबी आणि टोकं जुळवा, डुप्लिकेटमध्ये फरक निघतो तो इथेच.

मासळीच्या गाड्या जून-जुलैत बंदीमुळे उभ्याच असतात, मोठं काम तेव्हा काढलं तर धंदा बुडत नाही. आंब्याच्या गाडीवाल्यांनी मात्र पेट्या सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच उरकावं. आणि पावसात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाटीवर, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा.

नवी केबल सुरुवातीला थोडी ताणली जाते, म्हणून काही दिवस गाडी चालवल्यावर खटके परत मोजा, वाढले असतील तर तेव्हा नट आवळायचा.