कुलाबा किल्ल्यावरची मुलांची सहल: माणसांना दहापैकी नऊ, ओहोटीला चार

पौषातल्या एका रविवारी आमच्या मानखुर्दच्या अभ्यासिकेतली २६ मुलं घेऊन अलिबागला जाऊन आले. इतर अभ्यासिकांच्या ताया विचारतायत, पाठवावं का, म्हणून लिहितेय. सहल नेणारे सगळे स्वयंसेवक. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात, एक दादा हॉस्पिटलात नर्स. गटाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि ही मंडळी आपला सुट्टीचा दिवस देतात. मुलामागे पन्नास रुपये, तेही ज्याला जमतील त्यानेच द्यायचे.

गेटवेवरून सकाळची लाँच, मांडव्याला उतरून लाँचच्याच तिकिटात असलेली बस. चार मुलांमागे एक मोठं माणूस, मुलांच्या मनगटाला रंगीत फिती. धक्क्यावर आमचा एक पोरगा अडून बसला, लाँचमध्ये पाय ठेवेना. मी दटावणार होते, तेवढ्यात नर्सदादा त्याच्या शेजारी फतकल मारून बसला. म्हणाला, "आपण दोघं पुढच्या लाँचने येऊ." आणि खरंच मागच्या लाँचने आले, तोवर पोरगा दादाच्या खांद्यावर. दहापैकी नऊ ते यासाठी.

आता ओहोटी. किल्ला समुद्रात, चालत जायचं तर ओहोटीच हवी. माझं माहेर अलिबागजवळच्या थळचं. आमच्याकडे लहान पोरालाही हिशेब पाठ असतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी अष्टमी. आठ गुणिले पाऊण, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. मोबाइलनेही त्यांना बारा हीच वेळ दाखवली, ती बरोबरच होती. पण अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी. पुनवे-अवसेच्या उधाणाला पाणी जेवढं चढतं तेवढंच मागे जातं; भांगाला ना धड चढत, ना धड ओसरत. किल्ल्यापर्यंत चालत जायचं सांगितलं होतं, आणि बाराला मधल्या पट्ट्यात लहानग्यांच्या मांड्यांपर्यंत पाणी. शेवटी धाकट्यांना घोडागाडीत बसवलं. तो खर्च हिशेबात नव्हता, ताया-दादांनी खिशातून भरला. खडकांतली डबकी बघायची तर अर्धीअधिक पाण्याखालीच. कालवं चिकटलेले दगड, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे आणि दोन समुद्रफुलं, एवढंच मिळालं. वाळूवर बारक्या खेकड्यांनी गोळ्या मांडून केलेली रांगोळी मात्र पोरांनी पोटभर बघितली. ती बघायला उधाण लागत नाही.

किल्ल्यात पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. आंग्र्यांचा इतिहास सांगणारी ताई जरा लांबली. पोरांचं सगळं लक्ष तटावरच्या चाकांच्या तोफांकडे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची सोय, हे मात्र तिने छान विचारायला लावलं. एकाने "मग पाइप कुठाय?" विचारलं, तिने हसण्यावारी नेलं नाही.

आमच्यात दोन भावंडं अफगाणिस्तानातून आलेली. यांना मुक्कामाच्या सहलीत घेता आलं नाही, म्हणून गटाने सगळ्यांचीच सहल एका दिवसाची केली. परदेशी पाहुणा राहिला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, आणि या मुलांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. निर्वासितांबद्दलच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. कार्ड बघून होमस्टेवाले नको म्हणाले. एका दिवसात जाऊन यायचं तर दुपारची ओहोटी हवी, आणि दुपारची ओहोटी म्हणजे भांगच. हे परतीच्या बसमध्ये कळलं तेव्हा माझा निम्मा राग गेला. निम्मा राहिला, कारण षष्ठी घेता आली असती: साडेदहाला ओहोटी, पाणीही बरंच मागे.

त्यातली थोरली, अकराएक वर्षांची, पाण्याकडे हात करून मान हलवत होती. किनाऱ्यावर सुकट विकणारी मावशी तिला म्हणाली होती, "दर्या बघतीस व्हय?" पोरगी ऐकेना. हिंदीत म्हणाली, दर्याला दोन काठ असतात, याचा दुसरा कुठाय? त्यांच्या दारी भाषेत दर्या म्हणजे नदी. मावशीने टोपली खाली ठेवली, तिच्याशेजारी बसून समोर बघितलं आणि म्हणाली, "हाय की, लई लांब हाय."

जेवण बचत गटाकडून: तांदळाची भाकरी, वांगं-बटाटा, सोलकढी. सोलकढी निम्म्यांनी बाजूला सारली, मी तीन पेले प्यायले. स्वच्छतागृहाची मुलींसाठी आधी चौकशी केली नव्हती, ती चूक. फोटोंचं आधी विचारलं, भावंडांचे चेहरे कुठे टाकणार नाही म्हणाले. तरी एक दादा सारखा व्हिडिओ काढत होता, त्याला मीच थांबवलं.

मोठ्या मुलांना बिनघोर पाठवा. सहाच्या आतल्यांबरोबर घरचं कोणी जाऊ द्या. कपड्यांचा जोड, जुन्या चपला आणि प्लास्टिकची पिशवी द्या. षष्ठीचे रविवार मी कालनिर्णयातून काढून त्यांना कळवलेत. दोन निघाले, त्यातला एक परीक्षेत.