ठाण्यात नौपाड्यातलं प्लॅन स्कॅनिंग: आधी मोजायचा टेप काढला, मग मशीन चालू केलं

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणतेय त्याला झाली सहा वर्षं, आणि आता कुठे आर्किटेक्टने जुना मंजूर प्लॅन स्कॅन करून मागितला. कपाटातून निघाली ती घड्या पडलेली, कोपरा फाटलेली अमोनिया प्रिंट (नकाशाची जुन्या पद्धतीची कॉपी), साइज धड ए1 नाही की ए0 नाही, 686 बाय 1041 मिलीमीटर. स्टेशनजवळ एकाकडे दिली, पाच मिनिटांत पीडीएफ हातात. मी खूश. आर्किटेक्टने कॉम्प्युटरवर उघडली तर आमची नऊ इंची भिंत सव्वासात इंचाची!! त्या माणसाने अख्खा कागद ए1 मध्ये बसवला होता, 1041 ची लांबी 841 वर आली, मग भिंती बारीक होणारच ना.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून गोखले रोडवरून आत गल्लीत एक छोटं दुकान आहे तिथे गेलो. दादाने पहिला प्रश्न विचारला, "काका, बघायला हवाय की मोजायला?" मोजायला म्हटल्यावर त्याने टेप काढला आणि नकाशाची चौकट दोन्ही बाजूंनी मोजून कागदावर लिहून ठेवली. प्लॅनवर लिहिलेलं 18.30 मीटरचं माप, 1:100 स्केलला (कागदावर 1 सेंटीमीटर म्हणजे जागेवर 1 मीटर) ते 183 मिलीमीटर यायला पाहिजे, मूळ कागदावरच 182 भरत होतं. इतक्या वर्षांत कागद आकसलाय, म्हणाला, हे आर्किटेक्टला सांगा, त्याचं पाप स्कॅनरच्या माथी नको. 😄

मशीन 36 इंची, कागद रोलरमधून ओढून घेणारं. ऑटो साइज त्याने बंदच केलं, कारण फाटलेल्या कोपऱ्यामुळे मशीन रुंदी चुकीची धरतं आणि कडेचं काहीतरी कापलं जातं, त्यापेक्षा पूर्ण रुंदी घेऊन बाजूला कोरी जागा राहिलेली परवडली. कागद पारदर्शक फोल्डरमध्ये घालून आत सोडला. पहिल्या स्कॅनला रुंदी बरोबर, पण लांबी 4 मिलीमीटर कमी. म्हणजे जागेवर 40 सेंटीमीटर! मागचा भाग टेबलावरून लोंबत होता, त्या ओढीने कागद रोलरमध्ये सरकला असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यांदा मी मागून हातावर धरून उभा राहिलो (कस्टमरला कामाला लावलं, पण ठीक आहे), तेव्हा दोन्ही बाजू मिलीमीटरच्या आत जुळल्या. मोजून दाखवल्याशिवाय त्याने पैसे घेतले नाहीत.

आता तक्रार. मधल्या घडीवर एक पट्टा धूसर आलाय, तिथले दोन आकडे वाचता येत नाहीत. मशीन सीआयएसवालं आहे, म्हणजे सेन्सर काचेला लागूनच, त्याला कागद काचेला अगदी चिकटून लागतो, घडीपाशी जरा उचलला गेला की संपलं, त्यात वरून फोल्डर. कॅमेऱ्यावालं, म्हणजे सीसीडी मशीन असतं तर हे बरंच निभावलं असतं. हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्या पट्ट्याचा वेगळा क्लोजअप फोटो काढून दिला, फक्त वाचण्यापुरता. एका शीटला पाऊण तास गेला, स्टेशनजवळच्यापेक्षा पैसे दुप्पट, आणि पार्किंगचं नाव काढू नका, रिक्षाने जा.

फाइल 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) कलर टिफ, म्हणजे मोठी इमेज फाइल, 300 एमबीच्या वर गेली, तेव्हा पेनड्राइव्ह घरून न्या. मी व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हटलं तर माझ्याकडे असा बघितला. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' नाही, 'अॅक्च्युअल साइज' लावा, हे त्याने पाकिटावर मार्करने लिहून दिलंय. आर्किटेक्टकडून अजून फोन आलेला नाही, म्हणजे भिंत नऊ इंचाची भरली असावी.