कड्या, निळी फट आणि ओसीटी : आठ महिने बुबुळं मोजल्यावर

बेळगावातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बुबुळाचा (कॉर्नियाचा) आकार आणि जाडी मोजणारं, फिरत्या कॅमेऱ्याचं शाइमफ्लुग यंत्र येऊन आठ महिने झाले. त्याआधी सहा वर्षं मी प्लासिडोवर, म्हणजे कड्यांच्या जुन्या यंत्रावर काढली. डोळ्याच्या पुढच्या भागाचं ओसीटी, म्हणजे प्रकाशानं आतले थर दाखवणारं यंत्र, आमच्याकडं नाही. लागलं की पेशंटला दुसरीकडं पाठवतो आणि रिपोर्ट माझ्याच टेबलावर येतो.

आधी जुन्याबद्दल, कारण नवं आलं की सगळे त्याला अडगळ म्हणायला लागतात. प्लासिडोची कल्पना 1880 च्या सुमाराची. काळ्या-पांढऱ्या कड्या बुबुळावर पाडायच्या आणि प्रतिबिंब बघायचं. कड्या दाटल्या तिथं वक्रता जास्त, पांगल्या तिथं कमी. बुबुळाची मागची बाजू आणि जाडी त्याला कळत नाही, हा मोठा उणेपणा. शिवाय प्रतिबिंब पडतं ते अश्रूंच्या थरावर, म्हणून कोरड्या डोळ्यात नकाशा वेडावाकडा येतो.

पण त्यातच त्याचा उपयोग आहे. निपाणीहून तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एक मावशी येतात. पापणी मिटून उघडली की कड्या अगदी गोल. चार-पाच सेकंदांनी खालच्या कड्या रांगोळीवर कुणी पाय दिल्यासारख्या विस्कटतात, पुन्हा मिटलं की परत गोल. हे मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं तेव्हा थेंब का घालायचे ते त्यांना पटलं. तोवर बाटली घरी तशीच होती.

नव्या यंत्रात निळ्या प्रकाशाची बारीक फट डोळ्याभोवती फिरते आणि दोनेक सेकंदांत 25 किंवा 50 छेदांचे फोटो टिपते. तिरक्या गोष्टीचा फोटो सगळीकडं स्पष्ट यावा यासाठी भिंग आणि फिल्म कशी कलती ठेवायची, हे ऑस्ट्रियाच्या शाइमफ्लुग नावाच्या कॅप्टननं 1904 मध्ये पेटंट केलं, ते हवाई छायाचित्रं सरळ करण्यासाठी. आम्हाला त्यातून पुढची बाजू, मागची बाजू आणि सगळीकडची जाडी मिळते. केराटोकोनसची, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढं टोकदार होण्याच्या आजाराची, सुरुवात बऱ्याचदा मागच्या बाजूवर आधी दिसते, म्हणून माझ्या मते हा खर्च वसूल आहे.

त्रास दोन सेकंदांचा. खोलीत अंधार, हनुवटी टेकवलेली, आणि मी "मिटू नका, मिटू नका"च्या मागोमाग कानडीत "कण्ण तेगीरी, अल्लाडबेड्री" (डोळे उघडा, हलू नका) म्हणत असते. तरी चारातलं एक स्कॅन पुन्हा घ्यावंच लागतं. पापणी खाली असली तर वरचा भाग यंत्र अंदाजानं भरतं, आणि रंगीत नकाशा तेवढाच देखणा दिसतो. म्हणून रंगांआधी मी क्वालिटीचा रकाना बघते. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा यूपीएस हवाच.

चिकोडीकडच्या उसातली माणसं पान लागून डोळ्याला जखम करून येतात. जखम भरल्यावर पांढरा डाग राहतो. त्या डागात निळा प्रकाश विखुरतो आणि जाडीचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिथं ओसीटी बरं. त्याचा प्रकाश लांब तरंगाचा, डागातून जास्त आत जातो. बुबुळावरचं सगळ्यात वरचं आवरण, साधारण 50 मायक्रॉनचं (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), ते वेगळं मोजून दाखवतं. केराटोकोनसमध्ये टेंगळावर हे आवरण पातळ होतं आणि खालचा उंचवटा झाकून टाकतं. ही लबाडी नुसत्या कड्यांना पकडता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. खानापूरचा सतरा वर्षांचा मुलगा, डोळे चोळायची सवय. सहा महिन्यांपूर्वी एके ठिकाणी ओसीटीवर बुबुळाची सर्वांत पातळ जागा 491 मायक्रॉन. आमच्या यंत्रावर 474. त्यानंतर कुणीतरी हे दोन आकडे शेजारी ठेवून "झपाट्यानं वाढतंय" असं घरच्यांना सांगून टाकलं होतं. आई रडतच आली. क्रॉसलिंकिंगच्या, म्हणजे बुबुळ घट्ट करायच्या उपचाराच्या, नेहमीच्या पद्धतीत वरचं आवरण काढल्यावर 400 मायक्रॉन उरावे लागतात, त्यामुळं सतरा मायक्रॉनचा फरक म्हणजे क्षुल्लक नव्हे. पण वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दोन यंत्रांत एवढा फरक नुसत्या मोजणीमुळंही पडू शकतो. वडील उद्यमबागेत लेथवर. मी समजावायला लागले तोच म्हणाले, "मायक्रोमीटर बदलला की झिरो बघावाच लागतो की ओ मॅडम."

त्याच दिवशी आमच्याच यंत्रावर तीनदा घेतलं : 474, 477, 473. चार महिन्यांनी, त्याच यंत्रावर, 475. सर्वांत जास्त वक्रता 48.6 डायॉप्टर होती, ती 48.7. डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब दिले, चोळणं बंद करायला सांगितलं आणि पुढची तपासणीही इथंच ठेवली. फाइलवर आता मी आकड्याशेजारी यंत्राचं नाव लाल पेनानं लिहिते.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लेन्स काढून काही दिवस थांबूनच यावं, कडक लेन्स असेल तर आणखी जास्त. लेन्सनं दाबलेलं बुबुळ कुठल्याच यंत्रावर खरं बोलत नाही. बधिर करायचे थेंबही तपासणीआधी नकोत.

जुनं प्लासिडो एक्सचेंजमध्ये द्या म्हणून विक्रेता दोनदा येऊन गेला. निपाणीच्या मावशींची तारीख गुरुवारची आहे, तेव्हा अजून दिलेलं नाही.