कोजागिरीचा तयार दूध मसाला : घ्यावा का नाही

आमच्या सोसायटीत कोजागिरीचं दूध दरवर्षी आमच्याच मजल्याकडे येतं, म्हणजे पाच लिटर तरी, आणि एवढ्याला बदाम पिस्ते सोलून कुटत बसायला आता कोणालाच वेळ नाही. त्यामुळे यंदा बचत गटाच्या स्टॉलवरून दूध मसाल्याचं १०० ग्रॅमचं पाकीट आणलं, १८० रुपये. महाग वाटतं पण सुट्या पिस्त्याचा आणि वेलचीचा भाव बघा मग बोला.

आधी चांगलं सांगते. यात साखर नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण दुकानातल्या बऱ्याच पाकिटांवर मागे बारीक अक्षरात बघितलं तर पहिलंच नाव साखरेचं असतं, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे तुम्ही मसाल्याच्या भावाने साखर घेताय. वर पिवळा रंग घातलेला, की लोकांनी म्हणावं वा काय केशर आहे. या पाकिटात बदाम, काजू, पिस्ता, चारोळी, वेलची, जायफळ, बस. दुधाला रंग येत नाही फारसा पण चव खरी येते. बदामाची भरड जाडसर आहे, घोटाघोटाला दाताखाली येते, ते मस्तच.

आता तक्रारी. पिस्ता मात्र एकदम पीठ केलाय, तो तळाशी जाऊन बसतो, त्यामुळे पहिल्या दहा जणांना नुसतं दूध आणि शेवटच्यांना खीर असं होतं, वाढणाऱ्याने दर वेळी पळी तळापासून फिरवायलाच हवी. जायफळ पण जरा सढळ हाताने घातलंय, लहान मुलांनी तोंड वाकडं केलं. आणि केशर नावाला सुद्धा नाही, ते आपलं आपण घालायचं, कोमट दुधात अर्धा तास भिजवून, थेट पातेल्यात टाकलं तर वाया जातं.

एक सांगायचं राहिलं, पाकीट घेताना पॅकिंगची तारीख बघाच. चारोळीत तेल असतं, ती लवकर खवट होते आणि एकदा खवट झाली की पूर्ण पातेल्याला तो वास येतो, मग वेलची कितीही घाला. शक्य असेल तर स्टॉलवरच पाकीट उघडून वास घ्या, चांगले विकणारे नाही म्हणत नाहीत.

प्रमाण पाकिटावर लिटरला एक चमचा लिहिलंय, ते साफ चूक आहे, एवढ्याने काही कळत नाही. आम्ही पाच लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर चार लिटरच्या आसपास आटवलं, साखर ३०० ग्रॅम, मसाला अख्खं पाकीट, आणि तो गॅस बंद करायच्या पाचेक मिनिटं आधी घातला. फार उकळला तर वेलचीचा सुगंध उडून जातो. छोट्या ग्लासात चाळीस जणांना पुरलं. दूध मात्र फुल क्रीमच घ्या, टोन्ड दुधात ३ टक्के फॅट, फुल क्रीममध्ये ६, आटवल्यावर जो फरक पडतो तो कुठलाच मसाला भरून काढत नाही. काहीजण दाटपणासाठी कस्टर्ड पावडर घालतात, मला ते अजिबात आवडत नाही, मसाला दूध राहतं कुठे मग.

अजून एक, गच्चीवर बारापर्यंत गरम ठेवायचं असेल तर चहावाल्यांकडे असतो तसा नळाचा मोठा स्टीलचा थर्मास नको, भरड नळात अडकते. जाड बुडाचं पातेलं आणि बारीक शेगडी बरी.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. परत घेईन, पण पुढच्या वेळी दोन पाकिटं, कारण शिऱ्यात आणि श्रीखंडात पण भारी लागतो आणि आमच्याकडे आता चिमूटभर सुद्धा उरला नाही.