ईआरपीचा सर्व्हर कारखान्यात ठेवायचा की क्लाउडवर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्याला ईआरपी, म्हणजे उत्पादनापासून हिशेबापर्यंत सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेताना हे ठरवावंच लागतं: सर्व्हर आपल्याकडे ठेवायचा, की क्लाउडवर म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यायचा. ईआरपीनेक्स्टसारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं, त्यामुळे निवड पूर्णपणे आपल्या हातात असते.

कारखान्यातल्या सर्व्हरचा मोठा फायदा म्हणजे नेट गेलं तरी काम चालू राहतं. हीट नंबर (भट्टीतल्या प्रत्येक वितळीचा क्रमांक), रिजेक्शनची नोंद, गेटवरची आवक-जावक सगळं लॅनवर, म्हणजे कारखान्यातल्या आतल्या नेटवर्कवर होतं. पण ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल नेटशिवाय निघत नाही. संध्याकाळी भरलेली गाडी अडते ती त्याच कागदासाठी. म्हणून हा फायदा मी अर्धाच धरतो.

खर्चात क्लाउडचं भाडं दर महिन्याला डोळ्यांत भरतं. सर्व्हरचा यूपीएस, एसी, बदललेल्या डिस्क आणि सांभाळणारा माणूस मात्र हिशेबात धरायचे राहून जातात.

2019 च्या महापुरात मी कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत घरी होतो आणि सर्व्हर नदीपलीकडे शिरोलीत. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, रस्ता बंद झाला. सर्व्हर वरच्या मजल्यावर, अगदी कोरडा. पण लाईट गेली, यूपीएस संपला, आणि लाईट परत आल्यावर बटण दाबायला तिथं कुणीच नव्हतं. कामगारांची हजेरी आणि पगार त्यातच अडकले. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये होती. 2021 ला हायवे पुन्हा पाण्याखाली गेला, तोवर आम्ही क्लाउडवर गेलो होतो. पगार घरून झाले.

क्लाउड घेताना सर्व्हर भारतात आहे का, हे आधी विचारा. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं 2022 पासून बंधनकारक आहे. कारखान्यात सर्व्हर ठेवणाऱ्यालाही हा नियम लागू आहेच.

पूर्णवेळ आयटीचा माणूस नसेल तर क्लाउडच घ्या, माझं मत स्पष्ट आहे. माणूस असेल आणि शॉपफ्लोअरवर दिवसभर बारकोड स्कॅन होत असतील, तर सर्व्हर कारखान्यात ठेवा, पण रात्रीचा बॅकअप नदीच्या अलीकडे, शहरात येऊ द्या. दोन्हीपैकी काहीही घ्या, ॲडव्हान्स देण्याआधी व्हेंडरला समोर बसवा. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवायला सांगा आणि त्यातलं कालचं शेवटचं बिल स्वतः उघडून बघा.