भिजलेला फोन: तांदूळ, टेबल आणि नवा हँडसेट यांची परीक्षा

पावसाळ्यात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर भिजलेले फोन येतात, ते बरेचदा ओल शोषायला घातलेल्या तांदळासकट. एखादा दाणा चार्जिंगच्या टाइप-सी तोंडात अडकून फुगलेला असतो, स्पीकरच्या जाळीत पिठूळ धूळ बसलेली असते. म्हणून सुरुवात तांदळापासूनच. गुण शून्य. ॲपलनेही आपल्या मदतपानावर फोन तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी इजा होईल, असं लिहून ठेवलं आहे. सिलिका जेलच्या पुड्या थोड्या बऱ्या, पण त्याही फक्त ओल ओढतात. आणि खरी खोड ओलीत नसते, पाण्यासोबत आलेल्या क्षारांत असते. पाणी उडून जातं, क्षार फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावर बसून राहतात.

फोन बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही लाइनींवर चारेक व्होल्ट खेळतच असतात. शेजारशेजारच्या दोन पिनांवर क्षारयुक्त पाण्याचा थेंब आला की एका पिनेचा धातू सुटून दुसरीकडे सरकायला लागतो आणि हिरवट-पांढरा थर चढतो. आधी पिन झिजते, मग लाइन शॉर्ट होते. म्हणून ‘चार दिवस फोन चालला, पाचव्या दिवशी मेला’ ही तक्रार इतकी नेमाने येते. सगळ्यात वाईट समुद्राचं पाणी: अलिबागच्या लाटेत पडलेला फोन आणि पावसाच्या सरीत भिजलेला फोन हे दोन वेगळे आजार आहेत. बोअरचं जड पाणी आणि धुळवडीचं रंगाचं पाणी मधल्या पायरीवर. साखरेचा चहा वाळत नाही, चिकटतो, आणि पुढे ओल धरून ठेवतो.

पहिल्या अर्ध्या तासात करायचं ते एवढंच. फोन बंद करा, कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर काढा. चार्जिंगचं तोंड खाली धरून हातावर हलके थापटा. चार्जरला लावू नका; चार्जिंगचा पाच व्होल्टचा पुरवठा ओल्या पिनांवर आला की दिवसांचं काम मिनिटांत होतं. हेअर ड्रायरही नको: उष्णतेने मागच्या काचेचा डिंक सैल होतो आणि हवा पाणी आत ढकलते. पाण्यासाठी मानांकन असलेला फोन स्वच्छ पाण्यात पडून लगेच निघाला असेल आणि फक्त चार्जिंगच्या तोंडाशी ओल असल्याची सूचना देत असेल, तर वाऱ्याला ठेवा. अर्ध्या तासाने एकदा पाहा. पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. तोवर वायरलेस चार्जिंग असेल तर ते वापरायला हरकत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या काचेआड आतून धुकं दिसलं तर पाणी आत गेलं, मग फोन कितीही टकाटक चालू असो.

सिम लगेच दुसऱ्या फोनमध्ये घाला. बँकेचा ओटीपी आणि यूपीआयची नोंदणी दोन्ही त्याच नंबरच्या एसएमएसवर अडतात. सिमच खराब झालं आणि नवं घेतलं, तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, हे गृहीत धरा. ई-सिमवाल्यांना कंपनीकडून ते नव्याने घ्यावं लागतं, म्हणून भिजलेल्या फोनच्या बाबतीत जुनं प्लास्टिकचं सिम अजून पुढे आहे.

आता दुरुस्तीकडे. बाजारात तीन प्रकारची सेवा मिळते आणि तिन्हींचं नाव एकच: ‘वॉटर डॅमेज सर्विस’.

पहिली कोपऱ्यावरची. मागचं झाकण उघडतात, दिसतो तेवढा भाग थिनरने किंवा चक्क पेट्रोलने ब्रश करतात, गरम हवा मारतात, बी-७००० गोंदाने बंद करून तासाभरात हातात देतात. यात बोर्डावरच्या पत्र्याच्या शील्ड उचललेल्या नसतात, आणि पाणी साठतं ते नेमकं त्यांच्याखाली, आयसींच्या, म्हणजे चिपांच्या, पोटात. फोन चालू झाला म्हणून दुरुस्त झाला असं नाही. फक्त चार्जिंगची पट्टी किंवा स्पीकर गेला असेल तर हे दुकान पुरेसं आहे, स्वस्त आहे आणि पट्टी बदलण्यात त्यांचा हात बसलेला असतो. अख्खा भिजलेला फोन मात्र इथे देऊ नका.

दुसरी बोर्डावर काम करणाऱ्याची. दुकान ओळखायला पाटी वाचू नका, टेबल बघा: मायक्रोस्कोप, डीसी पॉवर सप्लाय आणि अल्ट्रासॉनिक टँक (ध्वनिलहरींनी बोर्ड धुणारं भांडं). तिन्ही असतील तर बोलणं सुरू करा. नीट काम असं चालतं. फोन उघडला की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटतो. मग डिस्प्ले, कॅमेरे, बॅटरी सगळं वेगळं करून फक्त बोर्ड हातात उरतो. शील्ड निघतात. ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि मऊ ब्रशने थर सोडवतात, मग बोर्ड काही मिनिटं टँकमध्ये. डिस्प्ले, कॅमेरा किंवा बॅटरी टँकमध्ये टाकणारा माणूस दिसला तर फोन उचलून चालू लागा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट इथे चालत नाही, कारण उरलेला बराचसा भाग पाणीच असतं. ९९ टक्क्यांचं आयपीए मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतं.

बोर्ड वाळला की बॅटरीऐवजी डीसी सप्लाय लावतात. पॉवर बटण न दाबताच ॲम्पिअरचा आकडा हलला तर मुख्य लाइनवर गळती आहे. मग कुठला कॅपॅसिटर गरम होतो ते शोधायचं. बटण दाबल्यावर आकडा चढला, उतरला, परत चढला तर फोन बूट होतोय. एका जागी अडकून बसला तर आयसीचं काम आहे आणि खर्च तिथून चढतो. आयफोन टेनपासून ॲपलने बऱ्याच मॉडेलांत बोर्डाचे दोन मजले एकावर एक चिकटवले आहेत. मधे शिरलेलं पाणी काढायला मजले सोडवून रीबॉल करावं लागतं, म्हणजे सोल्डरचे बारीक गोळे नव्याने बसवावे लागतात. ते सगळ्यांना जमत नाही आणि जमणारा स्वस्तात करत नाही.

इथे ग्राहकाने पहिलं वाक्य बोलायचं ते हे: ‘आधी डेटा, मग फोन.’ आताच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. मेमरीचा आयसी उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवला तर फोटो मिळत नाहीत. तोच बोर्ड काही तासांसाठी का होईना जिवंत करावा लागतो. त्यामुळे फोन सुरू झाला रे झाला की बॅकअप घ्यायचा, डिस्प्लेच्या डागांचं नंतर बघू. या कामासाठी ही सेवा पैसे वसूल आहे. रोजच्या वापरासाठी मात्र अर्धेच गुण, कारण बोर्ड स्वच्छ झाला तरी झिजलेल्या पिना परत येत नाहीत. बॅटरी बदलून घ्याच: तिचं बाहेरचं आवरण (पाऊच) बंद असलं तरी तिच्या डोक्यावरचं छोटं संरक्षक सर्किट गंजतं, टक्के उड्या मारायला लागतात. आणि उघडलेल्या फोनला कारखान्याची गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी कडेची पट्टी, नवी बसवली नाही, नुसता गोंद लावला, तर आधीचं आयपी मानांकन (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) विसरा.

तिसरी अधिकृत सर्विस सेंटरची. इथे सहसा बोर्ड धूत नाहीत, बदलतात. सिमच्या ट्रेच्या खोबणीतली पांढरी पट्टी पाण्याने लाल झाली की वॉरंटीतून फोन बाहेर, मग फोनवर आयपी ६८ छापलेलं असो. बोर्ड बदलला की डेटा गेला आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकही बदलतो. जॉबशीटवर नवा नंबर लिहून घ्या, विम्याच्या दाव्यात तो लागतो. सुटे भाग अस्सल आणि बदललेल्या भागावर लेखी वॉरंटी, ॲपलकडे ९० दिवसांची, ही जमेची बाजू. अपघाती नुकसानीचा प्लॅन घेतलेला असेल तर थेट इथेच जा, आधी कोपऱ्यावर उघडून घेऊ नका. बाहेर उघडलेला फोन दिसला की दावा अडतो.

मग फोन दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? पहिल्या दिवशी उघडलेला, गोड्या पाण्यातला, चार्जिंग आणि डिस्प्ले ठीक असलेला फोन धुऊन बॅटरी बदलून वापरा. खारं पाणी, आठवडाभराचा उशीर किंवा बोर्डावर शॉर्ट यांपैकी एकही असेल तर डेटा काढण्यापुरतेच पैसे घाला. अंदाजपत्रक त्याच मॉडेलच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलं तरी तेच. फेस आयडीचा सेन्सर भिजून गेला असेल तर त्याची त्याच बोर्डाशी जोडी बांधलेली असते, बाजारातला दुसरा बसवून सहसा चालत नाही. हिशोबात हेही धरा.

नवा फोन घेताना लोक आयपीचा आकडा बघून भुलतात. आकडे नीट वाचा. ५४ आणि ६४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. ६७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. ६८ ची खोली कंपनीच ठरवते: आयफोन १२ पासून सहा मीटर, सॅमसंगच्या एस मालिकेत दीड. ६९ हे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं मानांकन आहे, जास्त खोलीचं नव्हे. चाचण्या गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होतात. पडझड आणि वर्षं यांनी गॅस्केट उतरते. समुद्रात आणि जलतरण तलावात फोन दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि मुद्दा होता भिजल्यावर चार्ज केलं तर गंजणाऱ्या चार्जिंगच्या तोंडाचा.

तरी मानांकन हवंच. फार महाग न जाताही ते मिळतं: गॅलेक्सी ए५५ आणि पिक्सेल ८ए ला ६७; रेडमी नोट १३ प्रो प्लस आणि मोटोरोला एज ५० फ्यूजनला ६८; ओप्पो एफ२७ प्रो प्लसला ६९ पर्यंत. शेवटच्या तिघांची स्क्रीन वक्र आहे, पडली तर कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, महाग पडतो. स्कूटरवर पावसात फिरणाऱ्याला सपाट स्क्रीनचा ए५५ किंवा ८ए बरा. पिक्सेलला सात वर्षं अपडेट मिळतात, पण आपल्या तालुक्यात त्याचं सर्विस सेंटर आहे का ते आधी बघा.

रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना फोन, घेत असाल तर दुकानातच सिमचा ट्रे काढून टॉर्चने आतली पट्टी बघा, लाल असेल तर फोन परत ठेवा. चार्जिंगच्या तोंडात हिरवट डाग आहेत का, कॅमेऱ्यात धुकं येतं का, हेही बघा. *#०६# दाबून आयएमईआय घ्या, ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा आणि उत्तरात आलेलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळतं का ते पैसे देण्याआधी बघा.